ईशान्येची भिंत

१२ जानेवारी

आलो एकदाचे नव्या घरी. मनीषनगरच्या पुढे, जिथे परवापरवापर्यंत तूर उभी असायची, तिथे आता ही अठरा मजली इमारत उभी आहे. उभी म्हणायचं, पण सरळ नाही. चंद्रकोरीसारखी वाकलेली. पाठ पश्चिमेला, कूस पूर्वेला. नावही 'अर्धचंद्र'. आमचे मेहुणे म्हणाले, "भाऊजी, बिल्डरनं हाताला धरून घरात नेलं आणि वर अर्धचंद्रही दिला!" हसलो. काय करता.

माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. त्यामुळे आल्या आल्या या घराचंही ऑडिट केलं. खोल्या कलिंगडाच्या फोडीसारख्या, पश्चिमेला रुंद आणि पूर्वेला निमुळत्या. लोखंडी कपाट भिंतीला लावलं तर मागे एका टोकाला बोट जात नाही, दुसऱ्या टोकाला मांजर जाईल. घराला काटकोन म्हणून सापडला तर शपथ. कोणी चारुशीला नावाची तरुण आर्किटेक्ट आहे, तिची ही पहिलीच एवढी मोठी इमारत. पहिल्या इमारतीत माणसानं सरळ रेघ मारायला शिकावं, नाही का?

प्रमोदिनीने सामानाच्या दोऱ्या सोडायच्या आधी देव बाहेर काढले. हॉलच्या पुढच्या खिडकीपाशी भिंत तिरकी होऊन एक तिकोना उरतो, तिथे स्टूल ठेवलं, त्यावर लाल वस्त्र, त्यावर देव. दिवा लावून मोकळी झाली. मी होकायंत्र काढलं. आग्नेय! म्हटलं, आग्नेयेला देव चालायचे नाहीत. तर म्हणाली, "अहो, बसले ना ते. छान ऊन येतं तिथे."

भिडस्त आहे बिचारी. मला त्रास नको म्हणून स्टुलावर भागवते. सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झाला, देव कायम कपाटाच्या खणात. स्वतःच्या घरात तिला खरं देवघर द्यायचं, हे मी निवृत्तीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. ते देणारच.

१५ जानेवारी

होकायंत्र घेऊन सगळ्या मजल्यावर हिंडलो. इमारत वाकडी असल्यामुळे प्रत्येक उभ्या ओळीत ईशान्य वेगळीकडे येते. एकच्या ओळीत ती न्हाणीघरात पडते. सहाच्या ओळीत लिफ्टच्या खड्ड्यात! फक्त आमच्या तीनच्या ओळीत, म्हणजे २०३ पासून आमच्या ७०३ वरून थेट वर, ईशान्य कोपरा बरोबर उत्तरेच्या भिंतीच्या पूर्व टोकाला येतो. ती भिंत विटांची नाही, सगळी सिमेंट-काँक्रीटची, तळापासून गच्चीपर्यंत एकसंध. यापेक्षा पक्की जागा देवाला कुठे मिळणार?

ताबा देताना एक पुस्तिका दिली होती, तिच्यात 'भिंती फोडू नयेत' असं वाक्य आहे. मी भिंत फोडत नाही, कोनाडा करतो आहे. नियम कसा वाचायचा हे मला कोणी शिकवू नये.

१९ जानेवारी

काम झालं. बंटी म्हणून कन्हानचा कारागीर आहे, संगमरवराची कामं करतो. सकाळी मशीन लावली आणि तासाभरात हाशहुश करत बाहेर आला.

"काकाजी, ब्लेड तुटून राहिली ना! अंदर सळईच सळई आहे. एवढी तर पुलात नसते."

"मग चांगलंच आहे की. भिंत मजबूत आहे."

"पूरी कापावी लागते, बगा. कापू का?"

म्हटलं, काप. ठिणग्या उडाल्या, घरभर धूळ झाली, प्रमोदिनी नाकाला पदर लावून दाराशी उभी. पण संध्याकाळपर्यंत काय देखणा कोनाडा झाला! वर कमान, आत पांढरा दगड, बारीक पिवळा दिवा. मीच तिच्या हातात देवांचं ताम्हन दिलं. तिने स्टुलावरचे देव उचलले, आत बसवले, म्हणाली, "सुंदर आहे." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. थोडी सिमेंटची धूळही असेल.

२९ जानेवारी

आज आमच्याकडे हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, पण कान बाहेर. वाण राहिलं बाजूला, बायका सगळ्या कोनाड्यापुढे! प्रमोदिनीला बोलता येत नाही असल्या गोष्टींवर, म्हणून मीच बाहेर जाऊन ईशान्य समजावून सांगितली. तीनच्या ओळीतल्या बायकांना विशेष सांगितलं की तुमच्याकडे कोपरा अगदी याच जागी आहे, तसूभरही इकडे तिकडे नाही. ३०३ मधल्या प्रेमिलाबाई, काटोलच्या संत्र्यांच्या बागायतदार घरातल्या, त्यांनी तर पदराने माप घेतलं.

रात्री जेवताना प्रमोदिनी म्हणाली, सकाळी दिवा लावला तरी तिथे अंधारच वाटतो. मी लगेच जास्त वॅटचा बल्ब आणून लावला.

२३ फेब्रुवारी

सोसायटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. तीनच्या ओळीने एकगठ्ठा पाठिंबा दिला.

प्रेमिलाबाईंचे यजमान नानाजी लिफ्टपाशी भेटले. "भाऊ, तुमच्या घरचं देवघर पायलं आमच्या हिनं. तवापासून डोकं खाऊन राहिली मायं. शेवटी बंटीले बोलावलं. आमचं जरा मोठं केलं बरं का. मायची खंडोबाची मूर्ती हाय, तिले डोकं टेकाले जागा पायजे ना."

एक नानाजीच नाहीत. बंटीचा मुक्काम आता आमच्या इमारतीतच आहे. माझ्याच कोनाड्याचा पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला आहे त्याने. तीनच्या ओळीत एखाददुसरं कुलूपबंद घर सोडलं तर सगळीकडे तोच कोनाडा, त्याच जागी.

संध्याकाळी सातला आरती होते तेव्हा घंटेचा आवाज खालून वर, वरून खाली त्या एकाच भिंतीतून येतो. भिंतीला कान लावला की किणकिण ऐकू येते. एकावर एक, एकावर एक देव! मला तर भरून येतं. प्रमोदिनीला म्हटलं, ऐक. तिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "थरथरते हो."

३० मार्च, पाडवा

सकाळी गॅलरीत गुढी उभारली आणि समोर पाहिलं तर काय! इमारत आत वळलेली असल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाची गुढी दिसते. एरवी मला हे आवडत नाही, कोण काय वाळत घालतं ते अख्ख्या गावाला दिसतं. पण आज छान वाटलं हे कबूल करतो.

ती आर्किटेक्ट, चारुशीला, आली होती. साधा सलवार-कमीज, खांद्यावर झोळी, उन्हात फिरून तोंड लाल झालेलं. खाली मांडवात म्हणाली, "काका, मी सीताबर्डीत चाळीत वाढले. अंगण एक, सगळे समोरासमोर. तेच उभं करून पाहिलं. आणि पाठ पश्चिमेला केली, म्हणजे मे महिन्यात ऊन पाठीवर घेईल, पोटात येऊ देणार नाही."

बोलणं गोड आहे. मग माझ्यासोबत वर आमच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, वर्ष व्हायच्या आत सगळी घरं एकदा आतून बघायची आहेत, तुमच्यापासून सुरू करू का? मी म्हटलं, सणाचा दिवस, घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. पण आत आली असती तर कोनाडा पाहून नियमांचं कीर्तन सुरू केलं असतं, पाडव्याच्या दिवशी ते कोणाला हवंय? प्रमोदिनी दारातून ऐकत होती. तिने नुसती श्रीखंडाची वाटी बाहेर आणून दिली तिला.

१८ एप्रिल

अजून कूलर लावला नाही. बाहेर चव्वेचाळीसच्या घरात पारा, घरात पंख्यावर भागतं. हे लिहून ठेवतो, न्यायाने वागावं माणसानं.

नानाजींच्या आतल्या खोलीचं दार लागेनासं झालंय. सुताराने रंधा मारला. चार दिवसांनी पुन्हा अडकलं.

६ मे

२०३ मधली फरशी आपोआप फुगली आणि टचकन फुटली. दुपारी सगळे जेवायला बसले होते. ४०३ मध्ये दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे. नानाजींकडे तर दोन. आमच्याकडे कोनाड्याखाली केसाएवढी रेघ आहे, पण ती रंगाची आहे. प्रमोदिनी उगाच घाबरते म्हणून तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

मला पहिल्या दिवसापासून जे वाटत होतं तेच खरं झालं. दोष त्या वाकडेपणात आहे. सरळ माणूस ओझं पेलतो, वाकलेला कसा पेलणार? एवढं साधं शहाणपण कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत का? मुद्दे काढायला बसलो आहे. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं, बरं वाटतं आहे.

२८ मे

नवतपा सुरू, वर्षातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. नानाजींकडे गेलो. भेगेत आता पंचवीस पैशांचं जुनं नाणं उभं राहतं, नानाजींनी ठेवून दाखवलं. त्यांच्या आई कौशल्याबाई, नव्वदीच्या, कोनाड्यासमोर पाटावर बसून जप करत होत्या. नात श्वेता त्याच भिंतीला टेकून अभ्यास करत होती.

"भाऊ, मले झोप नाई लागून राहिली. रातच्याले भिंत बोलते, कटकट आवाज येते. काटोलच्या वाडीचा सौदा करून इथं आलो, लेकरू शिकावं म्हणून. आता जाऊ तर कुठं जाऊ?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, नानाजी, त्या बाईला मी सोडत नाही. तिचा परवाना रद्द करायला लावतो.

"परवाना गेला तं भिंत दुरुस्त होते का गा?"

भोळी माणसं. त्यांना लढा म्हणजे काय ते कळत नाही.

४ जून

आज क्लबहाउसमध्ये सभा. बिल्डरचा माणूस आला होता, त्याने आल्याआल्याच हात वर केले: डिझाइन मॅडमचं, आम्ही नुसतं बांधलं. म्हणजे चारुशीला एकटी पडली. मग मी तिला धरलं. भिंत वाकडी का? भार सरळ खाली कसा जातो? याआधी एवढी उंच इमारत केली होती का? प्रत्येक प्रश्नाला टाळ्या पडत होत्या. ती उत्तरं देत होती, पण ती टाळ्यांत बुडत होती.

शेवटी म्हणाली, "काका, गोलाईमुळे असं होणार नाही. झालं असतं तर सगळ्या ओळींत झालं असतं. फक्त तीनच्याच ओळीत का होतंय? मला ती घरं आतून बघू द्या. आजच बघू द्या."

मी म्हटलं, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या? आधी आमचा त्रयस्थ इंजिनियर बघेल, मग तुम्ही.

"मग त्याला उद्याच आणा. माझं काय करायचं ते नंतर करा, पण थांबू नका."

घाबरवायची ही एक पद्धत असते. आधी तक्रार व्यवस्थित मांडून तिला परवाना देणाऱ्या कौन्सिलकडे पाठवायची, मग इंजिनियर, असं मी ठरवलं. क्रम चुकला की केस कच्ची होते.

घरी येताना लिफ्टमध्ये प्रमोदिनी म्हणाली, "फक्त तीनच्याच ओळीत का, हे बरोबर विचारलं तिने." मी मुद्द्यांचा कागद पुन्हा वाचायला घेतला.

१३ जून

आज दुपारी नानाजींच्या घरात भिंतीचा मोठा पापुद्रा, सिमेंटसकट, श्वेताच्या खाटेवर कोसळला. पोरगी आंब्याचा रस मागायला स्वयंपाकघरात गेली होती, म्हणून वाचली. उशीवर दगड पडला होता. उशीवर. प्रेमिलाबाई ओरडत नव्हत्या, नुसत्या ती उशी झटकत होत्या.

मी अर्ज राहू दिला आणि डहाके इंजिनियरांना फोन लावला. उद्या-परवा नाही, सोमवारी सकाळी म्हणाले.

१६ जून

डहाके आले. साठीचे, शांत, बोलायला महाग. आधी पार्किंगमध्ये तीनच्या भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसले, बराच वेळ हात फिरवत राहिले. मग एकेक घर वर. मी सोबत, कोणत्या भेगा कधी आल्या ते सांगायला.

माणूस भलताच भाविक दिसतो. कोणाच्याही घरात शिरला की भेगा बघायच्या आधी देवघराकडे जायचा. नमस्कार करायचा, मग विचारायचा, देव जरा बाजूला घेता का? आत हात घालून दगडावर टिचकी मारायचा. २०३, ३०३, ४०३, सगळीकडे तेच. सहाव्या मजल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हटलं, उन्हाचा त्रास होतोय का, पाणी आणू? तो म्हणाला, "वरही असेच आहेत का?" मी अभिमानाने सांगितलं, अगदी गच्चीपर्यंत. एकाच साच्यातले.

आमच्याकडे प्रमोदिनीने चहा दिला. त्याने कोनाडा पाहिला, मग कॅलेंडर उचलून खालची रेघ पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने कॅलेंडर पुन्हा होतं तसं सोडलं.

तो गेल्यावर पाहतो तर देव कोनाड्यात नाहीत. खिडकीपाशी स्टुलावर. विचारलं तर म्हणाली, "पुसायला काढले." रात्री झोपेपर्यंत ते तिथेच होते.

१९ जून

सभा. काय लिहू?

डहाके फळ्यापाशी गेले नाहीत, कागद काढला नाही. खुर्चीत बसूनच बोलले. "या इमारतीचं सगळं ओझं या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या भिंती पेलतात. भिंतीचं टोक हा तिचा कणा, म्हणून तिथे लोखंड दाट असतं. तीनच्या भिंतीचा तो कणा जवळजवळ प्रत्येक मजल्यावर, त्याच जागी, कापला आहे. तुमच्या देवघरांसाठी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक होतेय. उठलो आणि म्हणालो, "एका कोनाड्याने काय होतं?"

"एकाने काही होत नाही, साहेब. आर्किटेक्टने तेवढी सवड ठेवली होती. इतर कोणी बांधली असती तर कधीच खाली आली असती. ही वाकलेली आहे म्हणून शेजारच्या भिंतींनी ओझं वाटून घेतलंय आणि आजवर उभी आहे. पण त्यांनी किती दिवस घ्यायचं?" मग म्हणाले, "ओळ रिकामी करा. देवसुद्धा. रिकामी झाल्याशिवाय मी कोनाडे भरू शकत नाही, आणि भरेपर्यंत टेकूंवरही माझा पूर्ण भरवसा नाही." आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पहिला कोणी केला?"

सगळ्यांना माहीत होतं. नानाजी खाली फरशीकडे बघत होते. प्रेमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाचवत होते ती सगळी माणसं! आणि चारुशीला समोर बसली होती, डोळे सुजलेले, आणि तिच्याविरुद्धचा तक्रारअर्ज माझ्या पिशवीत होता.

मी कबूल केलं नाही. म्हणालो, दुसरा इंजिनियर बोलावून खातरजमा करू. मीच म्हणालो हे.

२० जून

आज सकाळी कोणीच हललं नाही. खाली चारुशीलाने लोखंडी टेकूंचा ट्रक आणून उभा केला, स्वतःच्या धावपळीने. वर कोणी दार उघडेना. नानाजींना फोन केला, तर म्हणाले, "मायनं मूर्तीले मिठी मारली हाय. म्हणते, बसवलेले देव मी नाई उठवू देत. आन भाऊ, अध्यक्षच हलून नाई राहिले, तं आमीच काहून हलू?"

मी म्हटलं, बरोबर आहे, आधी खातरजमा. फोन ठेवला. जेवायला बसलो. भात कालवला आणि आवाज आला. अडकित्त्याने सुपारी फोडावी तसा, पण भिंतीच्या आतून, आणि मग खाली, आणखी खाली, एकामागून एक. कॅलेंडर खाली पडलं. मागे आता केसाएवढी रेघ राहिली नव्हती. माझं बोट आत गेलं.

मी बोट बाहेर काढलं आणि तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला श्वेताची उशी दिसली, दुसरं काही नाही.

प्रमोदिनी हात धुऊन आली होती. तिने ताम्हनात देव घेतले, घंटा घेतली. दारात चपला घालून म्हणाली, "स्टूल घ्या."

"प्रमोदिनी, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे मला. आता लोकांसाठी चला."

लिफ्ट नको म्हणाली. जिन्याने आधी वर गेलो, गच्चीखालच्या मजल्यापर्यंत, मग खाली खाली. प्रत्येक मजल्यावर ती घंटा वाजवायची आणि मी तीनचं दार ठोकायचो. कोणी दार उघडलं की मी म्हणायचो, "पहिला कोनाडा माझा. तुम्हाला मीच दाखवला. चूक माझी आहे. देव घ्या आणि चला." पहिल्या दारात शब्द दोनदा पहिल्यापासून जुळवावे लागले. पुढे पुढे आपोआप यायला लागले. काही जण रागाने बघत होते, एका बाईने तोंडावर सुनावलं, आणि ते मी ऐकून घेतलं. पण प्रमोदिनीच्या ताम्हनातले देव पाहिले की बायका आत जायच्या आणि आपापले देव घेऊन यायच्या. कोणी ताटात, कोणी ओढणीत, एकीने तर कुकरच्या भांड्यात. मागे पोरं, पिशव्या, औषधं. जिना भरून गेला. प्रत्येकजण एक हात कठड्यावर आणि एक देवावर ठेवून उतरत होता.

३०३ मध्ये कौशल्याबाई कोनाड्यापुढून उठायला तयार नाहीत. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

प्रमोदिनी त्यांच्याजवळ खाली बसली. "आजी, उठवायचं नाही त्यांना. माझे बघा ना, कसे जागे आहेत. बाहेर जरा ऊन दाखवून आणू. मी माझ्यांना किती दिवस अंधारात ठेवलं होतं."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुयेबी अंधारात व्हते का वं?" आणि खंडोबा नानाजींच्या हाती दिला. मग कौशल्याबाईंना खुर्चीत बसवून, उचलून खाली आणलं.

खाली, इमारतीबाहेरच्या क्लबहाउसच्या गालिच्यावर सगळे देव मांडले. चारुशीला टेकू आत न्यायला माणसांना हाका मारत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत, बिल्डरच्या माणसाच्याही देखत, म्हणालो की हिने बांधलं ते बरोबर होतं, कापलं ते मी. ती म्हणाली, "काका, बाजूला व्हा, टेकू लागेल." आणि पुढे गेली. बरोबरच केलं तिने.

१४ नोव्हेंबर

घरी परत आलो. मधले महिने मेहुण्यांकडे काढले, त्यांनी अर्धचंद्राची एकही कोटी केली नाही, यावरून काय ते समजा. खालून वर एकेक कोनाडा नव्या सळया जोडून भरला. आमची भिंत आता सपाट आहे. तिथे हात ठेवला तर काहीच कळत नाही. अध्यक्षपद कधीच सोडलं. नानाजी भेटतात, बोलतात, पण 'भाऊ' म्हणायच्या आधी जरा थांबतात.

सकाळी चारुशीला शेवटची तपासणी करायला आली. मी दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, आत या. आत आली ती थेट खिडकीपाशी जाऊन थांबली. तिकोन्यात स्टूल, लाल वस्त्र, देव, आणि त्यांच्यावर सकाळचं ऊन.

"काकू, ही जागा तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोणी नाही. ऊन येत होतं."

"तीनच्या ओळीत हिवाळ्यातलं पहिलं ऊन नेमकं इथे यावं म्हणून मी अख्खी इमारत थोडी फिरवली होती. का कोण जाणे, पण इथे कोणीतरी काहीतरी जपून ठेवेल असं वाटत होतं." प्रमोदिनीने तिला चहा दिला, मला दिला, आणि दोघी किती वेळ त्या खिडकीशी बोलत उभ्या होत्या. मला कोणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही.

ती गेल्यावर मी प्रमोदिनीला विचारलं, "तुला कोनाडा नकोच होता, तर तेव्हा सांगितलं का नाहीस?"

ती कप विसळत होती. वळलीही नाही.

"सांगितलं होतं. अंधार वाटतो म्हटलं होतं. तुम्ही बल्ब बदललात."